करवंटीतला कार्पेट एरिया

चंदनसारवर प्रेम बसलं म्हणून कुणी चंदनसारला राहायला आलंय, असं माझ्या तरी ऐकिवात नाही. मूळ गावकऱ्यांचं सोडा. ते इथलेच, त्यांना कुठून यायचंच नव्हतं. पण आम्ही बाकीचे, इमारतींतले, सगळे ढकलले जात जात आलो. आमचं घर लालबागच्या चाळीत. १९८२ च्या संपानंतर वडिलांची गिरणी गेली ती गेलीच. पुढे काकाचं लग्न झालं आणि एका खोलीत माणसं मावेनात. दादर परवडत नाही म्हणून गोरेगाव पाहिलं, गोरेगाव परवडत नाही म्हणून बोरिवली, मग मीरा रोड, मग नालासोपारा. शेवटी गाडीच जिथे संपते त्या विरारला उतरलो आणि तिथूनही रिक्षा करून पूर्वेला आलो. आता छान रुजलोय. जीवदानीचा डोंगर दाखवत पाहुण्यांना ‘हवा बघा काय आहे’ असंही सांगतो. पण मुंबईने आधी नको म्हटलं आणि मग आम्हाला चंदनसार आवडलं, हा क्रम काही बदलत नाही.

हे घरगुती पुराण सांगायचं कारण आमचा पाण्याचा फिल्टर. किंवा खरं म्हणजे शेजारचे काका. काकांची हयात तारापूरच्या एमआयडीसीत, रसायनांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. निवृत्तीनंतर त्यांच्या हाती रसायनं उरली नाहीत म्हणून ते आमच्या फिल्टरकडे वळले.

त्या दिवशी फिल्टर विकणारा पोरगा आला होता. अशा पोरांच्या पिशवीत दोन अस्त्रं असतात. पहिलं, पेनासारखं टीडीएस मीटर. आपल्या पाण्यात बुडवायचं, आकडा दाखवायचा आणि ‘बापरे’ म्हणायचं. दुसरं अस्त्र जास्त भेदक: दोन ग्लास, दोन्हींत सळया सोडायच्या आणि वीज चालू करायची. मिनिटभरात नळाच्या पाण्यात तपकिरी, हिरवट गाळ तरंगायला लागतो आणि त्याच्या कंपनीचं पाणी नितळ राहतं. बायको म्हणाली, “अहो, हे आपण पितो?” काका चहा पीत बसले होते. ते म्हणाले, “हे आपण पीत नाही. ही त्याची लोखंडी सळई आहे, ती विरघळतेय. त्याच्या पाण्यात क्षार नाहीत म्हणून वीज वाहत नाही आणि सळई शाबूत राहते. त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाक, तिथेही हेच होईल.” पोरगा शहाणा होता. त्याने सामान आवरलं.

मग टीडीएसवर काकांचं व्याख्यान झालं. ते मीटर फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं, म्हणजे क्षार मोजतं. पाण्यात कीटकनाशक असो, बेन्झिन असो की साखर, मीटरला त्याचा पत्ताही नसतो. ऊर्ध्वपातित पाण्यात साखर ढवळून मीटर बुडवलं तर ते जवळजवळ शून्य दाखवील. आणि गंमत अशी, की आपल्या फिल्टरमधली जी काळी कांडी असते, कार्बनची, तिचं सगळं काम या न दिसणाऱ्या मंडळींशी. क्षारांना ती हातही लावत नाही. म्हणजे जे मोजलं जातं ते कार्बन काढत नाही आणि कार्बन जे काढतो ते मोजलं जात नाही. एवढ्या अंधारात उभं राहून आम्ही दर गणपतीच्या आधी ती कांडी बदलतो आणि निर्धास्त होतो.

“मग कोण चिकटेल आणि कोण निसटेल, हे आधी सांगता येतं का?” मी विचारलं.

हा प्रश्न मी विचारायला नको होता. काकांनी दुसरा कप मागितला.

कोळसा पाणी साफ करतो हे माणसाला फार आधीपासून ठाऊक असलं, तरी रसायनशास्त्राच्या वहीत ते नीट लिहिलं गेलं १७८५ मध्ये. सेंट पीटर्सबर्गमधल्या टोबियास लोविट्झ नावाच्या औषधनिर्मात्याला टार्टारिक आम्लाचे पांढरे स्फटिक हवे होते आणि ते सारखे तपकिरी होत होते. कोळसा घातल्यावर रंग गेला, आम्ल राहिलं. मग त्याने कोळसा कशाकशात घालून पाहिला, दारूतही घातला. दारूचा वास गेला, दारू राहिली. साखर शुद्ध करणाऱ्यांनी तीच युक्ती उचलली: रंग कोळशावर, साखर पाण्यात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोळसा वाफेत तापवून त्याला आणखी भोकं पाडायची पद्धत निघाली, त्याला ॲक्टिव्हेटेड कार्बन म्हणू लागले, आणि पहिल्या महायुद्धात विषारी वायूंच्या मुखवट्यांसाठी त्याचं महत्त्व एकदम वाढलं. आज घरगुती फिल्टरमधला कार्बन पुष्कळदा नारळाच्या करवंटीचा असतो. आमच्या वसईच्या वाड्यांमधल्या माडांना हे सांगायला हवं.

मी मात्र अडकलो तो एका आकड्यावर. या करवंटीच्या कोळशाचा एक ग्रॅम घेतला, चिमूटभरच, तर त्याच्या आतल्या सगळ्या भोकांच्या भिंती उलगडून अंथरल्यावर सुमारे एक हजार चौरस मीटर भरतात. मी विरारचा माणूस. माझ्या डोक्यात त्याचं लगेच चौरस फूट झालं. दहा हजार सातशेच्या वर! म्हणजे एका चिमटीत पाचशे फुटांचे एकवीस फ्लॅट. फिल्टरच्या कांडीत तर अख्खी कॉम्प्लेक्सं बसतील.

“ते बिल्डरचे फूट आहेत,” काका म्हणाले. हे क्षेत्रफळ मोजतात नायट्रोजन वायूने. नायट्रोजनचा रेणू एवढासा, तो कुठल्याही फटीत शिरतो. पण एखादा लठ्ठ रंगद्रव्याचा रेणू आला की त्यातल्या निम्म्या-अधिक फटी त्याला बंदच. पत्रकावर असतं ते सुपर बिल्टअप. राहायला मिळतं ते कार्पेट. आणि कार्पेट किती, हे येणारा केवढा आहे त्यावर ठरतं.

आता मुद्द्याची गोष्ट. इतकी वर्षं मी समजत होतो, की कोळसा घाण ओढून घेतो. त्याला घाणीची आवड आहे. काकांनी मान हलवली. “कोळशावर कोण बसेल हे कळायला हवं असेल तर आधी पाण्याला विचार, तुला कोण नकोय.”

पाण्याचे रेणू आपापसांत हातात हात घालून उभे असतात. साखर आली, अल्कोहोल आलं, की त्यांच्या अंगावर पाण्याला धरता येतील असे हात असतात. त्यांना पाणी साखळीत सामावून घेतं. म्हणून दारूतला वास कोळशावर जातो आणि अल्कोहोल बहुतांशी जागेवर राहतं. ॲसिटोन, मिथेनॉल हीही अशीच पाण्याची लाडकी. लिटरभर पाण्यात फिनॉल ऐंशी ग्रॅमच्या वर विरघळतं. बेन्झिन पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. आणि कपाटात ठेवतो ती डांबर गोळी, तिचं नॅफ्थलीन जेमतेम तीस मिलिग्रॅम. पाण्याने तिला दारातच उभं केलेलं असतं. अशा रेणूला कुठलीही भिंत दिसली की तो तिथे जाऊन बसतो. कोळशाची भिंत त्याला धरूनही ठेवते, अगदी खेचून. पण घराबाहेर काढलं पाण्याने.

मला एकदम लालबाग आठवलं. मी काकांना सांगितलं नाही, कारण त्यांना उपमा आवडत नाहीत. पण ते पुढे जे जे सांगत गेले, त्यातली प्रत्येक गोष्ट मला चर्चगेटहून सुटलेल्या गाडीतून दिसत राहिली.

उदाहरणार्थ ट्राउबे. इझिडोर ट्राउबे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९१ मध्ये पाहिलं, की एकाच कुळातली संयुगं ओळीने घेतली आणि शेपटीत एकेक कार्बन वाढवत नेला, तर पाण्याच्या पृष्ठभागावर येण्याची त्यांची ओढ दर पायरीला साधारण तिप्पट होते. कोळशावरही तोच कल दिसतो. मुंग्यांच्या डंखातलं फॉर्मिक आम्ल कोळशाला फारशी भीक घालत नाही, व्हिनेगरचं ॲसेटिक थोडं जास्त चिकटतं, त्यापुढे प्रोपिऑनिक, आणि खवट लोण्याच्या वासाचं ब्युटिरिक चांगलंच. दर वाढीव सदस्यामागे आणखी काही स्टेशनं पुढे. लग्न झालं, गोरेगाव. पहिलं मूल, बोरिवली. दुसरं मूल आणि गावाहून आलेली आई, विरार.

कोळशात जागा कशा भरतात यावरही दोन मतं होती. अमेरिकेतल्या आयर्विंग लँगम्युरने १९१८ मध्ये समीकरण मांडलं, त्यात सगळ्या जागा सारख्या: एका जागेत एक, आणि भरलं की पाटी पुसली. म्हाडाच्या सोडतीसारखं. त्याला १९३२ चं नोबेल मिळालं आणि ते पृष्ठभागांवरच्या कामासाठीच. पण करवंटीच्या कोळशात सगळ्या जागा सारख्या कुठल्या? अगदी अरुंद फट असली की रेणूला दोन्ही बाजूंच्या भिंती धरतात. ती जागा पक्की. मोकळ्या भिंतीवरची जागा कच्ची. पहिले येतात ते पक्क्या जागा पटकावतात, नंतरच्यांना उरेल ते. म्हणून पाण्यातलं रसायन दुप्पट केलं तरी कोळशावरचं दुप्पट होत नाही. हर्बर्ट फ्रॉइंडलिखच्या नावाने ओळखलं जाणारं, घातांकाचं साधं सूत्र हेच पकडतं, आणि पाण्याच्या कामात लोक अजून तेच वापरतात. स्टेशनपासून पाच मिनिटांवर म्हणतात त्या सगळ्या इमारती स्टेशनपासून पाच मिनिटांवर नसतात, हे फ्रॉइंडलिखला कळलं होतं.

सूत्र साधं, पण त्यातले दोन आकडे प्रत्येक रसायनासाठी प्रयोग करून काढावे लागतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेत डॉब्ज आणि कोहेन या दोघांनी १९८० मध्ये शंभराहून जास्त विषारी रसायनांचे असे आकडे छापले. तो अहवाल पुढे कित्येक वर्षं लोकांच्या टेबलावर राहिला. काकांच्याही होता, झेरॉक्स. पण कारखाने नवी रसायनं काढतात ती शंभरांच्या नव्हे, हजारांच्या संख्येने. प्रत्येकाला कोळशासमोर उभं करून बघणार कोण? म्हणून भाकीत हवं.

आणि भाकिताच्या या गोष्टीत माझा आवडता माणूस आहे मायकेल पोलान्यी. हंगेरीचा, शिकलेला डॉक्टर, पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात वैद्यकीय अधिकारी. त्या धामधुमीत त्याने सिद्धांत मांडला तो कोळशावर: कोळशाच्या आत प्रत्येक बिंदूला एक ओढ असते, भिंतीपासून दूर जावं तशी ती कमी होते, आणि ती ओढ किती हे एकदा वक्ररेषेत काढलं की काम झालं. युद्धानंतर बर्लिनमध्ये त्याने हे बोलून दाखवलं तेव्हा समोर आइनस्टाइन आणि फ्रिट्झ हाबर बसले होते. दोघांनीही नाक मुरडलं. त्या काळाला अशी दूरवर पोचणारी ओढ मान्यच नव्हती. सगळं विजेच्या भाषेत हवं होतं. ती ओढ कुठून येते याचा खुलासा १९३० मध्ये फ्रिट्झ लंडनच्या कामातून झाला, पण तोवर जग लँगम्युरच्या सोडतीत नाव नोंदवून मोकळं झालं होतं. पुढे पोलान्यी मँचेस्टरला भौतिक रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि तिथे त्याने आपलाच सिद्धांत विद्यार्थ्यांना शिकवला नाही. सर्वमान्य मताविरुद्धचं पोरांच्या माथी कसं मारायचं? हे सगळं त्याने १९६३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात स्वतःच लिहिलं, आणि तक्रारीचा सूर न लावता लिहिलं. माझ्यासारख्याला एका बढतीत डावललं तर मी अख्ख्या डब्याला विरारपर्यंत ऐकवतो.

पोलान्यीचा मूळ विचार मुख्यतः वायूंसाठी. तो पाण्यातल्या रसायनांसाठी कामाचा केला अमेरिकेतल्या ओहायोच्या मिल्टन मॅन्सने, १९६९ पासून. त्याचं म्हणणं हिशेबी आहे. कोळशाच्या फटी रिकाम्या नसतात, तिथे आधीच पाणी भरलेलं असतं. रसायन आत शिरायचं तर तेवढ्याच आकारमानाचं पाणी बाहेर निघायला हवं. तेव्हा रसायनाला कोळसा किती ओढतो त्यातून पाण्याला किती ओढतो ते वजा करा. उरेल ती खरी ओढ. आणि तिच्याशी ताडून बघायचं ते हे, की पाण्यात ते रसायन जास्तीत जास्त किती मावू शकतं आणि प्रत्यक्षात किती आहे. एका ओळखीच्या रसायनावर प्रयोग करून एक वक्ररेषा काढा. मग नव्या रसायनाचं आकारमान, त्याचा प्रकाशाचा अपवर्तनांक आणि विद्राव्यता एवढं ठाऊक असलं, की प्रयोग न करता त्याचं भविष्य बरंचसं सांगता येतं. अपवर्तनांक ऐकून मी दचकलो. पण काका म्हणाले, प्रकाशाला वाकवण्याची रेणूची ताकद आणि भिंतीने त्याला धरण्याची ताकद, दोन्हींच्या मुळाशी त्याच्या इलेक्ट्रॉनांचं हेलकावणं आहे. डांबर गोळीच्या चपट्या रेणूला कोळशाची चपटी भिंत जास्त मानवते, ती याच घराण्यातली गोष्ट.

नंतरच्यांनी वेगवेगळ्या कुंडल्या मांडल्या. कुणी ऑक्टॅनॉल नावाचं तेलकट द्रव आणि पाणी यांत रसायन कसं वाटलं जातं त्यावरून, कुणी रेणूचा आकार आणि हायड्रोजनबंधाचे हात मोजून. अलीकडे संगणकाला हजारो नोंदी खाऊ घालून तोच अंदाज काढतात. पाण्याला धरता येणारे हात जितके जास्त तितकं चिकटणं कमी, हे मात्र बहुतेक सगळ्यांत निघतं.

एवढं ऐकून मला वाटलं, चला, आता आपली कांडी किती दिवस टिकेल ते काका कागदावर काढून देतील. काका हसले. हे सगळं भाकीत एका रसायनाचं, शुद्ध पाण्यातलं. आमच्याकडे येतं ते सूर्या नदीवरच्या धामणी धरणाचं पाणी, पुष्कळसं मासवणला उपसलेलं, धुकटणला शुद्ध केलेलं; काही पेल्हार आणि उसगावचं. धरण रानात. रानाचा पाला पावसात कुजतो आणि त्याचा फिकट चहा पाण्यात उतरतो. शुद्धीकरणात त्यातला पुष्कळ जातो, सगळा जात नाही. आपल्याला ज्याची भीती ते कीटकनाशक वगैरे लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये, तर हा पालापाचोळा मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारपट. तो निरुपद्रवी, पण जागा अडवतो. थोराड रेणू फटीच्या तोंडाशीच बसतो आणि आतल्या रिकाम्या खोल्या कुणाच्याच कामाच्या राहत नाहीत. दरवाजात उभं राहून आत जागा आहे म्हणणारा माणूस विरारकरांना वेगळा समजावून सांगायला नको.

अनेकांच्या एकत्र बिऱ्हाडाचंही गणित आहे. रॅडकी आणि प्राउस्निट्झ यांनी ते १९७२ मध्ये द्रावणांसाठी मांडलं. पण त्याला पाहुण्यांची यादी लागते. आणि या यादीत एक फारच विरारी कलम आहे. कमजोर पकडीचा भाडेकरू आधी येऊन बसतो, पाणी वाहत राहतं, मागून जास्त पकडीचा येतो आणि पहिल्याला उठवतो. उठवलेला पाण्यात परत. अशा वेळी फिल्टरमधून बाहेर येणाऱ्या पाण्यात ते रसायन आत शिरणाऱ्या पाण्यापेक्षाही जास्त असू शकतं! क्लोरोफॉर्म हा असा बिचारा. पाण्यातलं क्लोरीन आणि तोच पाल्याचा चहा मिळून तो तयार होतो, हे रॉटरडॅमच्या योहान्स रूकने १९७४ मध्ये दाखवलं. कोळशावर त्याची पकड ढिली, म्हणून तो लवकर निसटणाऱ्यांत. वर क्लोरीनचा वास गेला म्हणून कांडी चालू आहे असं मानावं, तर तेही नाही: क्लोरीन कोळशावर बसत नाही, कोळशाशी प्रक्रिया होऊन संपतं, आणि ते काम थकलेली कांडीही बरेच दिवस करत राहते. पावसाळ्यात पाण्याला मातीचा वास आला तर समजावं, जिओस्मिन निसटतंय. लिटरमागे काही नॅनोग्रॅमही नाकाला कळतं. पहिल्या पावसात अंगणात त्याचं कोण कौतुक. पेल्यात आलं की तक्रारवही.

तारापूरबद्दल काका फारसं बोलत नाहीत. तिथल्या सांडपाण्यावरून अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये हरित लवादाकडे गेली, आणि २०१८ च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मोजणीत देशातल्या औद्योगिक पट्ट्यांमध्ये तारापूर सर्वांत प्रदूषित ठरलं. मी एकदा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, “कोळसा होता ना. पुष्कळ कारखान्यांच्या ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेत, असतो. टाकीत कोळसा आहे का, हे तपासायला येणाऱ्याला दिसतं. तो भरलेला आहे का, हे दिसत नाही.” आणि पेपर उघडला.

परवा सोसायटीच्या सभेत गच्चीवरच्या टाकीला मोठा कार्बन फिल्टर बसवायचा विषय होता. कोटेशन आलं होतं. सेक्रेटरींनी काकांना विचारलं, “काका, तुम्ही जाणकार. कोळसा किती महिने चालेल?” काकांनी चष्मा काढला. पाण्यात काय आहे, किती आहे, पाणी कोळशात किती मिनिटं राहणार, सगळं सांगा, आकडा देतो म्हणाले. नळाच्या पाण्याची तपासणी करून घेऊ, असं ठरलं. “आणि टँकरच्या?” काकांनी विचारलं. टँकर कुठल्या विहिरीवर भरतो, हे कुणालाच माहीत नव्हतं. तिथल्या तिथे स्पीकरवर टाकून टँकरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, “एकच विहीर नाही ना साहेब. जिथे मिळेल तिथून. तुम्हाला पाणी हवंय का पत्ता?”

सभेत हशा झाला. कोटेशनवरचा निर्णय पुढच्या सभेवर गेला आणि रंगकामाचा विषय घेण्यात आला.